कार्पेट एरियात न मावणारी जागा

घर असो, शाळा असो की सभागृह, बांधकामाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे एका आकड्यापाशी सुरू होते आणि त्याच आकड्यापाशी संपते. किती चौरस फूट? त्याला दराने गुणले की किंमत निघते, कर्जाचा हप्ता निघतो आणि नातेवाइकांत सांगायची प्रतिष्ठाही निघते. हा हिशेब व्यवहारापुरता राहिला असता तर त्याच्याशी भांडायचे कारण नव्हते. पण आता त्याचे तत्त्वज्ञान झाले आहे, आणि ते असे: जागा म्हणजे क्षेत्रफळ. खांब आणि बीम ही इंजिनिअरची कटकट, ती शेवटी फॉल्स सीलिंगमागे दडवायची. प्रमाणबद्धता हा आवडीनिवडीचा मामला, एकाला लांबट खोली आवडेल तर दुसऱ्याला चौकोनी. प्रकाशाचे म्हणाल तर दिव्याचे बटण कशासाठी आहे? यापलीकडे ज्याला काही हवे असेल त्याने आर्किटेक्ट गाठावा, तो इमारतीला छानसे ‘एलिव्हेशन’ लावून देईल. ‘लावून’ हा शब्द इथे अगदी नेमका आहे, कारण या मताप्रमाणे वास्तुकला ही इमारत तयार झाल्यावर तिला बाहेरून लावायचीच गोष्ट आहे. हे मत बिल्डरच्या सोयीचे आहे, गिऱ्हाइकाला सोपे वाटते, महापालिकेला मोजायला बरे पडते, आणि बऱ्याच वास्तुरचनाकारांनीही ते निमूटपणे गिळले आहे. इतक्या सगळ्यांचे एकमत झाल्यावर ते चूक कसे असेल, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. ते चूक आहे. थोडेथोडके नाही, मुळातूनच चूक आहे.

आधी हा लाडका आकडाच तपासू. 2016 च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या पक्की केली, आणि ‘सुपर बिल्टअप’ नावाच्या लुटीला त्यामुळे आळा बसला, हे चांगलेच झाले. पण त्या व्याख्येत काय मोजले जाते? वापरता येण्याजोगी फरशी. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, उघडी गच्ची वगळून उरलेली. खोलीची उंची त्यात नाही. खिडकी कुठे उघडते ते नाही. खांब कोपऱ्यात आहे की पलंगाच्या जागी घुसला आहे, तेही नाही. कायद्याने फसवणूक थांबवण्यासाठी एक माप दिले, आणि आपण तेच माप म्हणजे जागा असे समजून बसलो. या मापाने विजापूरचा गोल घुमट मोजून पाहा. आतले दालन सुमारे 41 मीटर बाजूचा चौरस, म्हणजे जेमतेम 1,700 चौरस मीटर, आजच्या भाषेत अठरा हजार चौरस फूट. एखाद्या बऱ्यापैकी गोदामाचे असते तेवढेच. मग 1656 च्या सुमारास पुऱ्या झालेल्या या दालनात पाऊल टाकताच माणसाचा आवाज आपोआप का उतरतो? कारण एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी त्या चौरसाला वर नेता नेता वर्तुळात आणतात, त्यावर आतून सुमारे 38 मीटर व्यासाचा घुमट बसतो, आणि पन्नास मीटरहून उंच अशा त्या पोकळीत मध्ये एकही खांब येत नाही. भार कुठून कुठे उतरतो याचा जो हिशेब केला, तोच तिथे जागा बनून उभा आहे. त्याच फरशीवर तीन मीटरवर स्लॅब टाका. कार्पेट एरिया एका इंचानेही कमी होणार नाही. जागा मात्र नाहीशी होईल. ज्या मापाला हा फरक दिसत नाही, त्याला जागेचे माप म्हणायचे तरी कसे?

‘पण ती स्मारके झाली, आमच्या टू-बीएचकेत कमानी कुठून आणायच्या?’ असे कोणी म्हणेल. आणू नका. टू-बीएचकेतला एकच बीम पाहू. बाहेरच्या भिंतीवर, स्लॅबच्या खाली, दीड-दोन फूट खोल बीम जातो. त्याच्या तळापर्यंतच खिडकी चढू शकते. बहुधा तेवढीही चढत नाही, कारण दरवाजाच्या रेषेत, सात फुटांवर म्हणजे 2.1 मीटरवर लिंटल टाकून मोकळे होण्याची सवय हाडीमाशी खिळली आहे. आता दिवसाच्या उजेडाचा जगभर वापरला जाणारा ठोकताळा असा की खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दोन ते अडीच पटीपर्यंत कामापुरता उजेड खोलीत शिरतो. तोही समोर आकाश मोकळे असले तरच. 2.1 मीटरला हा हिशेब सव्वाचार ते सव्वापाच मीटरवर संपतो. मग सहा-साडेसहा मीटर खोल हॉलच्या मागच्या भागात, नेमके जिथे जेवणाचे टेबल असते तिथे, सकाळी अकरालाही दिवा लागतो यात नवल कसले? तो बीम आडवा फिरवला असता, आतल्या भिंतीवर घेतला असता किंवा बाहेर उलटा वर काढला असता, तर खिडकी स्लॅबला भिडली असती आणि तोच उजेड मीटर-दीड मीटर आणखी आत गेला असता. खर्च? बहुतेक वेळा दोन माणसांनी एका टेबलाशी बसण्याचा. पण आपल्याकडे प्लॅन ठरतो, विकला जातो, आणि मग ‘स्ट्रक्चर बसवून द्या’ म्हणून इंजिनिअरकडे पाठवला जातो. इंजिनिअर बिचारा बसवून देतो. त्याने बीम कुठे टाकला यावर त्या घरात पुढची पन्नास वर्षे कोण कुठे बसून वाचणार हे ठरते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आता तर ‘मायवान’ पद्धतीने भिंतीच्या भिंती काँक्रीटच्या ओततात. काम झपाट्याने होते, हे खरे. पण चुकीच्या जागी ठेवलेली खिडकीही तितक्याच झपाट्याने कायमची होते. विटांची भिंत निदान फोडता तरी येत होती.

रचना आणि प्रकाश ही दोन खाती वेगळी आहेत, या समजुतीला दिल्लीत एकेकाळी चोख उत्तर उभे होते. 1972 मध्ये प्रगती मैदानावर वास्तुरचनाकार राज रेवल आणि रचना-अभियंता महेंद्र राज यांनी हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शन-दालन बांधले. एवढा मोठा गाळा खांबांशिवाय झाकायचा तर पोलादाची त्रिमित जाळी वापरायची, हा जगाचा शिरस्ता होता. आपल्याकडे पोलाद महाग आणि मजूर मुबलक, म्हणून ती जाळी काँक्रीटमध्ये, जागेवर ओतून केली. गंमत पुढे आहे. भार वाहणाऱ्या त्या जाडजूड त्रिकोणी जाळीनेच ऊन अडवले आणि उजेड गाळून आत सोडला. आपल्या जुन्या दगडी जाळ्या जे काम करीत आल्या, तेच काम इथे छपराचा सांगाडाच करीत होता. सांगाडा कुठे संपतो आणि प्रकाशाची योजना कुठे सुरू होते, ते दाखवता आले नसते, कारण तशी रेषाच नव्हती. 2017 च्या एप्रिलमध्ये ही इमारत रातोरात पाडली. दिल्लीत वारसा ठरायला तेव्हा साठ वर्षे वय लागत होते, तिचे पंचेचाळीसच होते. ‘जागा म्हणजे क्षेत्रफळ’ हे मत केवळ फ्लॅटच्या ब्रोशरात राहते असे समजणाऱ्यांनी या पाडापाडीकडे पाहावे. तिथे जास्त चौरस मीटर हवे होते, आणि त्यापुढे बाकी सगळे किरकोळ ठरले. टेक्ससमधल्या फोर्ट वर्थला मात्र त्याच 1972 साली उघडलेले लुई कान यांचे किंबेल संग्रहालय अजून उभे आहे. त्याच्या लांबलचक काँक्रीट छतांना माथ्यावर उभी चीर आहे आणि त्या चिरेतून येणारा प्रकाश छताच्या पोटावरून पसरत चित्रांपर्यंत येतो. खऱ्या कमानीला माथा फोडता येत नाही, तिथली चावीच काढली तर ती कोसळते. ही छते कमानीसारखी दिसली तरी लांबीच्या दिशेने तुळईसारखी काम करतात, म्हणूनच तिथे प्रकाशाला वाट मिळाली. ऑगस्ट कोमेंडांट हा अभियंता नसता तर कान यांचा तो प्रकाश कागदावरच राहिला असता. मग तो प्रकाश कोणाच्या खात्यावर मांडायचा, आर्किटेक्टच्या की इंजिनिअरच्या?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खरोखर विचार करायला लावतो. कोणी जाणकार म्हणेल, तुमच्याच महाराष्ट्रातली लेणी पाहा. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांच्या रांगा आहेत, वर अर्धगोल छताला सागवानी फासळ्या आहेत. पण तो डोंगर आहे! तिथे खांबांनी काही पेललेले नाही, फासळ्यांवर कशाचाही भार नाही. सगळे काढून टाकले तरी कातळ जागचा हलणार नाही. म्हणजे जगातल्या थोर जागांपैकी एक खोट्या रचनेवर उभी आहे, आणि रचनेवाचून जागा नाही हे तुमचे म्हणणे तिथेच कोसळते. आक्षेप चलाख आहे, पण तो घेणाऱ्याने लेणे नीट पाहिलेले नाही. ज्याला काही पेलायचेच नव्हते त्या कारागिराने एवढा कातळ खांबांभोवतीने का कोरला? नुसती पोकळी खोदणे किती सोपे होते! त्याने ते केले नाही, कारण नुसत्या पोकळीला लांबी नसते, गती नसते, मध्य नसतो. कार्ल्याला दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा आणि स्तूपामागे सात असे सदतीस खांब आहेत. ते इतके जवळजवळ आहेत की दारातून पाहताना त्यांची एकसंध भिंत होते आणि मागच्या अरुंद वाटा काळोखात जातात. त्यामुळे दालनाची खरी हद्द डोळ्याला सापडत नाही. बाजूच्या खांबांना घटाचे तळखडे आणि वर हत्तींवरचे स्वार, तर स्तूपामागचे सात मात्र साधे अष्टकोनी. नजर खांबाखांबाने पुढे सरकते आणि स्तूपापाशी तिला अडवायला काही उरत नाही. जवळच्याच भाज्याच्या लेण्यात तर याहून मोठा पुरावा आहे. तिथले खांब आत कललेले आहेत. लाकडी बांधकामात छपराचा बाहेरचा रेटा सोसायला खांब आत कलते ठेवावे लागत. कातळात रेटाच नाही, तरीही इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या त्या हातांनी तो कल जसाच्या तसा कोरला. भार नसतानाही भाराची शिस्त त्यांना सोडवेना, कारण माणसाला जागा वाचता येते ती त्या शिस्तीतूनच. भारापासून सुटका मिळाल्यावर त्यांनी रचना अधिक काटेकोरपणे सांभाळली, आणि आम्हाला भार प्रत्यक्ष वाहायचा असूनही तो जिप्समच्या पत्र्यामागे लपवावासा वाटतो. यात खोटे कोण?

प्रकाशाचाही धडा तिथेच, दोन-चार मैलांच्या अंतरात, मिळतो. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवरची घोड्याच्या नालेच्या आकाराची ती भव्य खिडकी, तिच्यातली लाकडी जाळी आणि पुढचा ओटीचा पडदा यांमुळे प्रकाश वरून, एकाच ठिकाणाहून, गाळून येतो आणि स्तूपावर जातो. बाजूच्या वाटा अंधारात राहतात म्हणूनच मध्यभाग उजळतो. भाज्याचा लाकडी दर्शनी भाग काळाने नेला. आज तिथे समोरची सगळी बाजू उघडी आहे, उजेड कितीतरी पट जास्त येतो, आणि तो येतो म्हणूनच ते दालन आज मूळच्यासारखे राहिलेले नाही. त्यात शिल्पाची चूक नाही, पण प्रकाश वाढला की जागा सुधारली असे मानणाऱ्यांची चूक त्यात स्वच्छ दिसते. काचेचे मनोरे बांधणाऱ्यांचा नेमका हाच गैरसमज आहे. चहूबाजूंनी काच लावायची, पश्चिमेच्या उन्हाने मजला भाजून निघाला की पडदे ओढायचे, आणि मग भर दुपारी पांढऱ्या दिव्यांखाली बसून काम करायचे! प्रकाशाची उधळपट्टी आणि प्रकाशाचा दुष्काळ एकाच इमारतीत नांदवण्याचा हा पराक्रम आपल्याच काळाने करून दाखवला. मुंबईच्या कंबाला हिलवर 1983 मध्ये पुऱ्या झालेल्या कांचनजंगात चार्ल्स कोरियांपुढेही हीच अडचण होती. समुद्राचे दृश्य पश्चिमेला, आणि कडक ऊन व पावसाचा मारा तिकडूनच. त्यांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा उचलून 84 मीटर उंच इमारतीच्या कोपऱ्यांत दोन-दोन मजली उंचीचे सज्जे म्हणून बसवला. ते कोपरे पोखरता आले याचे कारण इमारतीचा आडवा भार मधल्या गाभ्याने पेलला आहे. गाभा हलवा, सज्जे जातील. सज्जे गेले की समुद्र दिसेल, पण खोल्या उन्हात भाजून निघतील. इथे कोणती गोष्ट आधी आणि कोणती ‘नंतर लावलेली’, ते दाखवून द्यावे.

आता प्रमाणबद्धतेकडे वळू. तिचे नाव काढले की दोन टोळ्या धावून येतात. एकीला प्रत्येक दारखिडकीत सुवर्ण गुणोत्तर दिसते, दुसरी ईशान्य कोपरा आणि स्वयंपाकाच्या ओट्याची दिशा यांवर घराचे भवितव्य ठरवते. या दोघींना सोबत घेऊन प्रमाणाची बाजू मांडायची मला हौस नाही. त्यांच्यामुळेच तर ‘प्रमाण म्हणजे थोतांड किंवा आवड’ हे मत फोफावले. पण प्रमाण त्याहून फार साधे आणि फार निष्ठुर असते. बारा चौरस मीटरची खोली घ्या. 3 बाय 4 केली तर पलंग, कपाट, टेबल बसून माणूस मोकळा फिरतो. 2.4 बाय 5 केली तर क्षेत्रफळ तेच, नियमातही बसते, पण पलंग आडवा टाकला की पायथ्याशी अर्धा मीटर उरतो, आणि खिडकी अरुंद बाजूला असेल तर मागचा भाग कायम मिणमिणता. यात आवडीचा प्रश्न कुठे आला? आपल्या वाड्यांना हे माहीत होते, आणि ते त्यांना कोणत्या ग्रंथाने नव्हे, लाकडाने शिकवले होते. दोन खांबांमधले, तुळईला झेपेल एवढे अंतर म्हणजे खण. घर खणांत मोजायचे: दोन खणी खोली, पाच खणी सोपा. म्हणजे जे माप घर पेलायचे तेच त्याचे प्रमाण ठरवायचे, आणि तेच मालकाच्या तोंडी बोलण्यात यायचे. खण सांगितला की ऐकणाऱ्याला खोलीची रुंदी, कडीपाटाची लय आणि खांबांची जागा एकदमच कळे. चौरस फुटांनी हे सगळे पुसून टाकले. ‘साडेसहाशे कार्पेट’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय उभे राहते? किंमत.

वाड्याचे नाव निघाले म्हणून लगेच गहिवरून येण्याचेही कारण नाही. जुन्या वाड्यांचे गोडवे गाणारे चौक, सोपा आणि दिवाणखान्याची लाकडी महिरप यांच्यापुढे सहसा जात नाहीत. चौकात आकाश उतरायचे, सोप्यावर मऊ उजेड असायचा, दिवाणखान्याला रस्त्यावरच्या खिडक्या मिळायच्या. आणि माजघर? बाळंतिणीची खोली? धुराने काळवंडलेले स्वयंपाकघर? घरातल्या बायकांचे आयुष्य जिथे जायचे तिथे उजेड सगळ्यांत कमी. साध्या धाब्याच्या घराला निदान छपरात साणे असायचे, चुलीवर उजेडाचा एक तुकडा तरी पडायचा. म्हणून वाडा आदर्श होता असे मी म्हणत नाही. उलट त्याचा काळोखच माझ्या बाजूने साक्ष देतो. प्रकाश ही नंतर लावायची सजावट असती, तर ती घरातल्या मानाप्रमाणे इतक्या काटेकोरपणे वाटली गेली नसती. कोणाला उजेड आणि कोणाला काळोख, हे खांब उभे राहण्याआधीच ठरलेले होते. ते आजही ठरलेलेच असते, फक्त ठरवणारा वाड्यात राहत नाही.

यावर शेवटचा आणि सगळ्यांत सोज्वळ चेहऱ्याचा आक्षेप येतो. हे सगळे श्रीमंतांचे चोचले आहेत, तो म्हणतो. कांचनजंगात राहणाऱ्याने सज्ज्याची चिंता करावी. झोपडीत राहणाऱ्याला आधी डोक्यावर पक्के छप्पर द्या, प्रमाण आणि प्रकाश मग बघू. ऐकायला किती कनवाळू! पण मुंबईचा इतिहास या कनवाळूपणाला तोंडघशी पाडतो. 1896 मध्ये शहरात प्लेग आला, 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, आणि त्या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी 1912 मध्ये मुंबईतल्या घरांतला उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिले. त्यांचा आग्रह एका कोनाचा होता: 63.5 अंश. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून बाहेर त्या कोनात चढत जाणाऱ्या रेषेच्या आड काही येता कामा नये. भूमितीत उतरवले तर अर्थ एवढाच की समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नको. हा नियम सौंदर्यशास्त्राच्या वर्गातून आलेला नाही, मेलेल्या माणसांच्या संख्येतून आलेला आहे. आणि तो आहे काय? एक प्रमाण, जे प्रकाशासाठी ठरवले आणि ज्याने इमारतीची बांधणी ठरवली. ज्या तीन गोष्टींना चैन म्हणून हिणवले जाते, त्या गरिबांच्या चाळीसाठी एका कोनात बांधलेल्या होत्या. ते परकीय सरकार होते आणि त्याचे हेतू फार उदात्त होते असे नाही. पण काळोखी खोली जीव घेते, हे त्याला मान्य करावे लागले होते.

आज काय आहे? गोवंडी-मानखुर्दच्या एम-पूर्व प्रभागातल्या पुनर्वसन वसाहतींत सात-आठ मजली इमारती एकमेकींपासून तीन-तीन मीटरवर उभ्या आहेत. इमारत 22 मीटर उंच धरली तर ऑर यांच्या हिशेबाने मध्ये 11 मीटर हवे होते. तीन मीटरवर तो कोन 82 अंशांच्या पुढे जातो, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीतून आकाश पाहायचे तर मान मोडेपर्यंत वर करावी लागते. उष्ण-दमट हवेसाठी खिडकीने फरशीच्या एक-षष्ठांश असावे असा दंडक आहे, आणि खिडक्या त्या मापाच्या असतीलही. त्या उघडतात मात्र समोरच्याच्या पाइपांवर आणि मधल्या गल्लीतल्या कचऱ्यावर. या भागातल्या तीन वसाहतींच्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्षयरोगाचा संबंध नेमका याच गोष्टींशी आढळला: दाटीने उभ्या केलेल्या वसाहतींत रुग्णांचे प्रमाण जास्त, आणि जिथून आकाश कमी दिसते त्या खालच्या मजल्यांवर भार अधिक. इमारत एकटी क्षय देत नाही, गरिबी आणि कुपोषणही देते, हे मान्य. पण ज्याला क्षय होण्याची सगळी कारणे आधीच आहेत, त्याला हवा आणि ऊन न पोचणारी खोली द्यायची आणि वर ‘छप्पर तर दिले ना?’ म्हणून विचारायचे, याला काय म्हणावे? आणि त्या घरांची जाहिरात कशी होते? चौरस फुटांनीच. आधी 225, मग 269, मग 300. आकडा वाढला की कल्याण झाले! खिडकीसमोरचे तीन मीटर मात्र तीनच राहिले, कारण ते कोणाच्या कार्पेट एरियात येत नाहीत.

‘मुंबईत जागाच नाही, एवढ्या लोकांना कुठे कोंबायचे?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने ‘कोंबायचे’ या शब्दात आपले उत्तर देऊनच टाकलेले असते. कोरियांनी नवी मुंबईत बेलापूरला बैठी घरे छोट्या-छोट्या चौकांभोवती मांडून हेक्टरी सुमारे 500 माणसांची सोय केली, प्रत्येक घराला स्वतःचे आकाश दिले, आणि शाळा-मैदाने त्यात धरली. ही घनता गोवंडीला पुरणार नाही, कबूल. पण त्यातून एवढे सिद्ध होते की एकाच एफएसआयमध्ये माणसे किती प्रकारांनी राहू शकतात हे मांडणीवर अवलंबून असते. एफएसआय किती बांधायचे ते सांगतो, कसे ते सांगत नाही. तीन मीटरची गल्ली ही काही निसर्गाची आपत्ती नाही. पुनर्वसनाच्या योजनांना मोकळ्या जागेत सवलती दिल्या गेल्या, त्या सवलतींवर कोणी तरी सही केली, आणि वाचलेल्या जमिनीवर विक्रीचा मनोरा उभा राहिला. त्या मनोऱ्यात दुहेरी उंचीची लॉबी असते, हे वेगळे सांगायला नकोच. म्हणजे उंची आणि उजेड यांची किंमत बिल्डरला नीट कळते. ज्यांना ती मोजून विकता येते त्यांना तो विकतो, आणि बाकीच्यांना सांगतो की या गोष्टी सगळ्या मनाच्या असतात.

तेव्हा जागा म्हणजे क्षेत्रफळ, हा दावा टिकत नाही. क्षेत्रफळ ही जागेची फक्त सावली आहे, जमिनीवर पडलेली. जागा उभी राहते ती भार कसा उतरवला, लांबी-रुंदी-उंचीचे नाते कसे बांधले आणि उजेडाला कुठून वाट दिली यांतून, आणि या तिन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच टेबलावर ठरतात किंवा मग ठरतच नाहीत. नंतर इंटिरिअरवाल्याला कितीही पैसे द्या, तो बीम हलवू शकत नाही आणि समोरची इमारत आठ मीटर मागे सरकवू शकत नाही. हे न पटणाऱ्यांनी निदान एक करावे. बिल्डरच्या ब्रोशरात नेहमी प्लॅन असतो, म्हणजे वरून पाहिलेली फरशी, आणि जवळजवळ कधीही सेक्शन नसतो, म्हणजे इमारत उभी कापून दाखवलेला नकाशा. खोलीची उंची, बीमची खोली, लिंटलची पातळी आणि खिडकीपासून समोरच्या भिंतीपर्यंतचे अंतर त्याच एका कागदावर दिसते. सोसायटीचा पुनर्विकास असो, नवा फ्लॅट असो की पुनर्वसनातले घर, सही करण्यापूर्वी तो कागद मागा, आणि समोरच्या इमारतीची उंची मधल्या अंतराच्या दुपटीत बसते का ते स्वतः मोजा. महापालिकेने तर प्रत्येक पुनर्वसन योजनेला 63.5 अंशांचा नियम बिनसवलत लावलाच पाहिजे. तो नवा नाही, त्याच्यासाठी समिती नेमायची गरज नाही, आणि तो याच शहरात शंभर वर्षांपूर्वी मांडला गेला होता.